सिनेट ‘ठीक आहे’ म्हणाली तेव्हा

इनासभाऊ,

आधी कामाचं सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला घोर नको. सेलीनवहिनी वसईला नीट पोचल्या. चर्चमध्ये माणसं मावेनात, अंगणात उभी राहिली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. महिना झाल्यावर तुमच्यासाठी म्हणायची मिस्सा तुमच्या लहानपणीच्या चर्चमध्येच ठेवली आहे. फरीज बिन ओमरानच्या तुमच्या फ्लॅटमधली पुस्तकं खोक्यांत भरून मी इथे दोह्यातच, अल सद्दला, माझ्या घरी आणली. भिंतीवरचा रोमचा नकाशा गुंडाळला आहे, घडी घातलेली नाही. गॅलरीतला पुदिना शेजारच्या मल्याळी नर्सने मागितला, तिला दिला. फ्रिज पुसला आणि दार उघडं ठेवून बंद केला.

हे ऐकून तुम्ही म्हणाला असता, “विद्याबाई, तुमच्या यादीतून देवदूतसुद्धा सुटायचे नाहीत.” खरं आहे. प्रत्येक कामापुढे मी खूण केली. एकच गोष्ट राहिली. वर्गाच्या मागच्या सभेत तुम्ही मला चारचौघांत दोन शब्द बोललात, परत येताना गाडीत एक वाक्य बोललात, आणि मी उत्तर दिलं नाही. शुक्रवार काय, पुष्कळ आहेत, असं वाटलं.

ते उत्तर द्यायला हे लिहिते आहे. सरळ मुद्द्यावर येणं माझा स्वभाव, पण आज थोडं मागून सुरू करू द्या.

आपली ओळख मुलांमुळे झाली. माझा अथर्व तेव्हा तिसरीत होता. मी मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि घरोघरी हेच चाललं होतं. म्हणून अल गराफ्यातल्या एका व्हिलाची खालची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, आम्ही सुट्टीच्या शुक्रवारी संध्याकाळसाठी मागून घेतली आणि मराठीचा वर्ग काढला. पहिल्याच दिवशी कुणीतरी इतिहासातली गोष्ट सांगितली, आपल्याकडची. पंधरा मिनिटांत दोन वडील फितुरी कुणाच्या घराण्याने केली यावर हमरीतुमरीवर आले. मुलं शांतपणे उठून बटाटेवडे खायला गेली.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही आलात. सकाळी चर्च करून, इस्त्रीचा शर्ट, काखेत तो नकाशा. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करणारा माणूस, तरुणपणी पाद्री व्हायला सेमिनरीत काही काळ काढलेला. तिथून लॅटिन आणि वेळेवर जेवायची सवय एवढंच घेऊन बाहेर पडलो, असं तुम्ही सांगायचात. नकाशा पसरून तुम्ही म्हणालात, “आपण रोमचं शिकवू. यातलं कुणीही कुणाच्या नात्यातलं नाही.”

मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. तुम्हाला पटलं होतं ते दुसऱ्याच कारणाने, हे मला कळायला वेळ लागला.

मजलिस पाहून तुम्ही किती खूष झाला होता. भिंतीला लागून समोरासमोर गाद्या. रोमची सिनेट अशीच बसायची, एकमेकांची तोंडं बघत, असं तुम्ही मुलांना सांगितलंत आणि त्यांना दोन्ही बाजूंना बसवलंत. मग राजाला हाकलून दिल्याची गोष्ट. त्यानंतर रोमच्या लोकांनी ठरवलं की एका माणसाच्या हातात सगळं द्यायचं नाही. दरवर्षी दोन कॉन्सल निवडायचे, मुदत एक वर्ष, आणि एकाने काही ठरवलं तर दुसऱ्याला ते थांबवता आलं पाहिजे. सत्ता, मुदत, नकार हे शब्द मुलांनी त्या दिवशी शिकले. पैकी नकार फार आवडला. रियाच्या आईने मला फोन करून विचारलं की तुम्ही शुक्रवारी नक्की काय शिकवता, मुलगी भेंडीच्या भाजीवर नकाराचा अधिकार वापरते आहे.

वर्ग चालवायलाही तुम्ही तोच नियम आणलात. दोघं जबाबदार, एका वर्षासाठी, कुणीही कुणाला नाही म्हणू शकेल. पहिल्या वर्षी आपण दोघं. मला दर महिन्याला चाचणी घ्यायची होती, तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला मुलांना थोडं लॅटिन शिकवायचं होतं, मी नाही म्हणाले. वर्ष छान गेलं. नंतर मात्र दुसरी माणसं मिळेनात. इथे माणूस रुजेपर्यंत त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. एक जोडी निवडली, त्यातला एक पुण्याला परत गेला, दुसरीची ड्यूटी बदलली. तुमच्याही हॉस्पिटलच्या पाळ्या सुरू झाल्या. मग कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. व्हॉट्सअॅपचा ग्रुप माझ्याकडे आला. व्हिलावाल्यांशी बोलणं, वेळापत्रक, खाऊच्या पाळ्या, वार्षिक कार्यक्रम, सगळं. यातली एकही गोष्ट मी मागून घेतली नव्हती. हे मी तुम्हाला म्हटलं की तुम्ही मिशीत हसायचात आणि म्हणायचात, “त्यानेही मागितली नव्हती. एकेक करून लोकांनीच आणून दिली.”

तो म्हणजे ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. आपलं भांडण त्याच्यावरून होतं, आणि ते बहुतेक माझ्या गाडीत व्हायचं. इतकी वर्षं दोह्यात राहून तुम्ही गाडी शिकला नाहीत, मेट्रो आहे, टॅक्सी आहे म्हणायचात. वर्ग सुटल्यावर तुम्हाला घरी सोडणं माझ्याकडे, तेही कुणी ठरवलं नव्हतं. सिग्नलला गाडी थांबली की तुमचं सुरू व्हायचं.

तुमचं म्हणणं असं, की रोमचं प्रजासत्ताक सीझरने मोडलं नाही. सीझर फौजेसकट नदी ओलांडून आला, आजन्म हुकूमशहा झाला, सगळ्यांना ते उघड दिसलं आणि सिनेटमधल्या लोकांनीच त्याला मारलं. जे दिसतं त्याला माणसं विरोध करतात. खरं मोडलं ते त्याच्या दत्तक मुलाने, म्हणजे या ऑगस्टसने, आणि तेही काहीच न मोडता. त्याने कॉन्सल ठेवले, सिनेट ठेवली, निवडणुकासुद्धा ठेवल्या. राजा हा शब्द स्वतःला लावून घेतला नाही. मी आपला पहिला नागरिक, असं म्हणाला. फौज मात्र त्याच्याकडे, इजिप्तचं धान्य त्याच्याकडे आणि नकार द्यायचा अधिकारही त्याच्याकडे. पाटी जुनीच राहिली, आत दुकान दुसरं.

माझं म्हणणं वेगळं होतं, आणि अजून आहे. त्याच्या आधी रोममध्ये शंभर वर्षं रक्त सांडत होतं. गरिबांना जमीन द्या म्हणणाऱ्या दोन भावांचा भर शहरात जीव गेला. सेनापती फौजा घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून आले. नावांच्या याद्या चौकात लावून माणसं मारली. (इथे तुम्ही हमखास म्हणायचात की यादी म्हटलं की रोमन माणूस घाबरायचा, आणि माझ्या पर्सकडे बघायचात.) लोक दमले होते हो, इनासभाऊ. मग एक माणूस आला. त्याच्या माणसांनी शहरात पाणी आणलं, धान्याची जहाजं वेळेवर यायला लागली, आग विझवायला पथकं नेमली. दमलेल्या माणसाला आधी नीट चालणारं घर हवं असतं. सभा कुठे बसते ते तो नंतर बघतो.

“बरोबर,” तुम्ही एकदा म्हणालात. तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात की मला धास्ती वाटायची. “नीटच चालवलं त्याने. इतकी वर्षं नीट चालवलं की तो मेला तेव्हा दुसऱ्या तऱ्हेने कसं चालवतात हे आठवणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं.”

तेवढ्यात तुमची बिल्डिंग आली होती. तुम्ही उतरलात, दार हातात धरून, इथल्या अरबीत ‘चला’ म्हणत, नेहमीचं वाक्य बोललात: “यल्ला, उरलेलं पुढच्या शुक्रवारी.”

नाटकाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वार्षिक कार्यक्रमाला पालकांना सीझरचा खून हवा होता. लाल रंग, खंजीर, मुलांची मजा. तुम्ही नकार वापरलात. सुऱ्या खुपसणं ही सोपी गोष्ट आहे म्हणालात, त्यानंतर काय झालं ते दाखवू. काय झालं, तर ऑगस्टस एक दिवस सिनेटमध्ये गेला आणि म्हणाला की युद्धं संपली, माझ्याकडची सगळी सत्ता मी तुम्हाला परत करतो. आणि सिनेट गयावया करू लागली की नको, असं करू नका. मग त्याने मोठ्या मनाने दहा वर्षांसाठी निम्मं राज्य सांभाळायचं कबूल केलं. दहाची मुदत पुढे वाढत गेली. तुमच्या मते हा इतिहासातला सगळ्यात मोठा प्रसंग होता, आणि त्यात कुणी साधं ओरडतसुद्धा नाही. मी म्हटलं, प्रेक्षक झोपतील. तरी पांढरं कापड आणलं, पिना आणल्या. टोगा नेसवणं तुम्हाला पुस्तकं वाचून जमेना. नऊवारी नेसवणाऱ्या हाताला ते काय अवघड, मी सगळ्यांना नेसवले.

रिया ऑगस्टस झाली होती. दोन्ही हात पसरून, स्वच्छ मराठीत ती म्हणाली, “हे सर्व मी आज तुम्हाला परत करत आहे.” आता सिनेटने “नको, नको, रोमला तुमची गरज आहे” म्हणायचं होतं. पुढे बसलेला मुलगा वाक्य विसरला. त्याने जरा विचार केला आणि अरबी थँक्यू जोडून म्हणाला, “ठीक आहे. शुक्रन.” बाकीची सिनेट सुटकेचा श्वास टाकून उठायला लागली. रिया हात पसरूनच उभी. “बट आय हॅव टू स्टे,” ती म्हणाली, अगदी रडवेली होऊन.

मजलिस हसून लोटपोट झाली. मी प्रॉम्प्टिंग का नीट झालं नाही याच्या काळजीत पडद्यामागे, आणि तुम्ही माझ्या शेजारी भिंतीला टेकून, चष्मा काढून डोळे पुसत होता. गाडीत बसल्यावरही तुमचं हसू थांबेना. दोन हजार वर्षांत इतकी शहाणी सिनेट झाली नाही, म्हणालात. मग सिग्नल सुटता सुटता म्हणालात की त्या दिवशी रोममध्ये एकानेही ठीक आहे म्हटलं असतं, तर काय झालं असतं हे बघायला आवडलं असतं.

हे तुम्ही रोमबद्दल बोलत होता, असं मी समजून चालले.

पण मीही दरवर्षी ऑगस्टसचंच वाक्य बोलत होते. वर्गाची सभा भरायची, हिशेब वाचून व्हायचा, आणि मी म्हणायचे, आता हे दुसऱ्या कुणीतरी घ्या, मला होत नाही. सगळे एका सुरात म्हणायचे, नको ताई, तुमच्यासारखं कुणाला जमणार. मी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि बरं, या वर्षापुरतं, असं म्हणून घरी यायचे. मला होत नाही हे खरं होतं. त्यांच्या नको नकोने बरं वाटायचं, हेही खरं होतं. दोन्ही एकाच पिशवीत कसं मावतं ते मला अजून सांगता येत नाही.

मागच्या सभेत मी ते वाक्य बोलले. नको नको सुरू व्हायच्या आधी तुमचा आवाज आला.

“ठीक आहे.”

लोक हसले. नाटकातली गंमत त्यांना आठवली. तुम्ही हसत नव्हता. मी विचारलं, मग कुणाकडे देऊ ते सांगा. तुम्ही म्हणालात, ते शोधणं आमचं काम. मी म्हटलं, शोधा मग, आत्ता. कुणी मान वर केली नाही. प्राजक्ता, लातूरकडची ती आयटीतली मुलगी, फोनमध्ये बघत होती. पालकांतला निलेश चहा आणायला उठला. शेवटी मी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि पुढचा विषय घेतला.

परत येताना मी बोलले नाही. तुम्हीही सिग्नलला काही सुरू केलं नाहीत. बिल्डिंग आल्यावर तुम्ही उतरलात, दार धरलंत आणि म्हणालात, “तुम्ही नीट करता, म्हणूनच म्हटलं.” उरलेलं पुढच्या शुक्रवारी, हे त्या दिवशी म्हणाला नाहीत. मी मान हलवली, गाडी काढली.

त्यानंतरचे शुक्रवार नेहमीसारखे गेले. तुम्ही शिकवलंत, मी हजेरी घेतली, आपण हवामानावर आणि वहिनींच्या गुडघ्यांवर बोललो. मी चुकले असं मी अजून म्हणणार नाही. कुणी पुढे येत नसताना किल्ल्या जमिनीवर ठेवून निघून जाणं याला मी मोकळेपणा म्हणत नाही. पण तुम्ही चुकलात असंही म्हणता येत नव्हतं, म्हणून विषय काढला नाही.

मग ती सकाळ. तुम्ही कामावर निघायला बूट घालत होता. वहिनींनी अँब्युलन्सनंतर पहिला फोन मला केला. त्या विश्वासाबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि तुमचीही. पुढची सगळी धावपळ, कागद, विमान, मी केली. तुमच्यासाठी करायची शेवटची कामं माझ्या हातून नीट झाली, एवढं मला पुरेल. अथर्वला बाहेरगावी फोन करून सांगितलं. तो पूर्ण वेळ मराठीत बोलला. शेवटी म्हणाला, “आई, अशा वेळी काय म्हणतात तो शब्द मला येत नाही, पण मला रडू येतंय.” तुमच्या सगळ्या शुक्रवारांचं मला मिळालं ते हे.

तुमच्यासाठी सगळे मजलिसमध्ये जमलो. तुमच्या जागेवर नकाशा उभा करून ठेवला होता. प्रत्येकजण थोडं थोडं बोलला. एका चर्चवाल्याने तुमच्या वसईकडच्या बोलीतलं गाणं म्हटलं, मला अर्धंच कळलं, पण वहिनींशी फोनवर बोलतानाचा तुमचा सूर त्यात होता. शेवटी वर्गाचं काय, हा विषय निघाला. आणि मी सवयीने म्हणाले की आता हे दुसऱ्या कुणीतरी घ्या.

“नको ताई,” निलेश म्हणाला. “आता तर नकोच. इनास अंकलही गेले.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तुमच्या आवाजाची वाट बघत होते. खरंच बघत होते, इनासभाऊ, भिंतीला टेकलेल्या त्या गुंडाळीकडे. मग लक्षात आलं की ते वाक्य बोलणारं माणूस आता नाही. त्या खोलीत माझ्याशिवाय ते कुणाला पाठ नव्हतं.

म्हणून ते मीच बोलले. माझ्याच बोलण्यावर, “ठीक आहे,” असं म्हणाले, आणि किल्ल्या मध्ये सतरंजीवर ठेवल्या. त्या कुणी उचलेपर्यंत फार वेळ गेला. मला अनेकदा वाटलं की उचलाव्यात, मी हात मांडीखाली घेऊन बसले. शेवटी प्राजक्ता म्हणाली, मला मुलं नाहीत, माझं कॉन्ट्रॅक्ट दीड वर्षाचं आहे, पण एक वर्ष करते. मग तिने निलेशकडे बघितलं. तो म्हणाला, मी करतो, पण मला नाही म्हणता आलं पाहिजे. तुम्ही तिथे हवे होता.

पुढचा वर्ग उशिरा सुरू झाला. हजेरी कुणी घेतली नाही. खाऊ दोन घरांतून आला, आणि पेले कुणाच्याच घरून नाहीत. वेळापत्रकाबद्दल मी एक सूचना केली तर प्राजक्ता म्हणाली, “नाही ताई, असं नको.” एवढ्या सरळपणे या खोलीत मला नाही म्हणणारे तुम्हीच होता. मला राग आला, आणि मग मी ती सूचना माझ्या यादीतून खोडली. दोघांनी मिळून ठरवलं की रोम मी शिकवायचं. म्हणजे यापुढे तुमची बाजूही मीच मांडायची.

मी माझीच बाजू आधी मांडली, हे कबूल. पाणी, धान्य, आग विझवणारी पथकं. मग नकाशा उघडून तुमची मांडली, जमेल तशी. रियाने सगळं ऐकून घेतलं. ती आता माझ्या खांद्याला लागते. म्हणाली, “मावशी, ही रियली वॉन्टेड टू गिव्ह इट बॅक? म्हणजे, खरंच परत द्यायचं होतं का त्याला?”

मी म्हटलं, “त्यालाही माहीत नसेल. समोरचं कुणी ठीक आहे म्हणेपर्यंत ते आपलं आपल्याला कळत नाही.”

हे माझं उत्तर, इनासभाऊ. त्या संध्याकाळी गाडीत द्यायचं राहिलं ते. मला परत द्यायचं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही एकट्याने मला ते शोधायची संधी दिलीत, आणि मी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. आता कळलं, द्यायचं होतं. बरंचसं. अगदी सगळं नाही.

वर्गातून निघाले ती सवयीने फरीज बिन ओमरानकडे वळले. तुमच्या बिल्डिंगसमोर गाडी उभी केली, शेजारचं दार उघडायची वाट बघत थोडी थांबले, मग स्वतःशीच हसले. तुमच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. ऑगस्टसच्या बाजूने मला एक नवीन मुद्दा सुचला आहे, चांगला आहे, तुम्हाला तो खोडायला वेळ लागला असता.

यल्ला, इनासभाऊ. उरलेलं माझ्याकडे आहे.